तासगाव रोडचं लॉन, वळवाचा पाऊस आणि रेन सेन्सर – वायर नक्की कुठं जोडायची?

लॉनवाला_सांगली

नमस्कार मंडळी. आमचं तासगाव रोडला मंगल कार्यालय आहे, पुढं १५ गुंठ्याचं लॉन. दोन वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक स्प्रिंकलर बसवून घेतले, ६ झोन, पॉप-अप रोटर (जमिनीतनं वर येऊन फिरत पाणी मारणारे), २४ व्होल्टचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (करंट मिळाला की उघडणारे), कंट्रोलर ऑफिसच्या भिंतीला. बोअरचं पाणी हौदात पडतं, हौदावर ३ एचपीचा मोनोब्लॉक पंप आहे आणि तो पण कंट्रोलरच रिलेतनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचमधनं, चालू करतो. पहाटे ४ ला सुरू, साडेपाचला बंद. आजपर्यंत काही तक्रार नव्हती.

गेल्या गुरुवारी रात्री साडेदहाला वळीव झाला, वारं, कडकडाट, थोड्या गारा पण पडल्या, तासभर धो धो. आणि पहाटे ४ ला त्याच भिजलेल्या लॉनवर परत स्प्रिंकलर दीड तास चालले. मी घरी झोपलेलो, वॉचमन काका म्हणाले मला वाटलं तुम्हीच लावलंय. सकाळी १० ला साखरपुडा होता. मंडपवाल्या पोरांनी खुर्ची टेकवली की पाय आत. नवरीची आजी, वय ऐंशीच्या पुढं असेल, वॉकर घेऊन येत होती, वॉकरचे पुढचे दोन पाय रुतले आणि ती तशीच मधे उभी राहिली, पुढं जाता येईना की मागं येता येईना. दोघांनी धरून मॅटवर आणलं. लागलं काही नाही पण ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. पार्टी लई चांगली, एक शब्द बोलली नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तर आता रेन सेन्सर बसवायचा ठरवलंय. आमचा प्लंबर म्हणतोय की सेन्सरच्या दोन वायरी पंपाच्या स्टार्टरला जोडू, पाऊस आला की पंप बंद, विषय संपला. हे बरोबर आहे का? आणि सेन्सर बसवायचा कुठं, किती पावसाला सेट करायचा? आमची माती काळी आहे, हे पण सांगून ठेवतो. ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनी सांगा प्लीज, मे महिन्यात ९ लग्नं आहेत.

सातारी_माळी

दादा, पहिली गोष्ट म्हणजे स्टार्टरला अजिबात जोडू देऊ नका. मी साताऱ्यात लॉन मेंटेनन्सचं काम करतो, एमआयडीसीतल्या दोनतीन कंपन्यांची लॉन आणि काही बंगले, रेन सेन्सर बरेच लावलेत म्हणून सांगतो.

सेन्सर आत कसा चालतो ते बघा म्हणजे पुढचं सगळं कळेल. टोपीच्या आत एकावर एक ठेवलेल्या जाड चकत्या असतात, बुचाच्या मटेरियलसारख्या. पाणी लागलं की त्या फुगतात, फुगल्या की वरची दांडी ढकलली जाते आणि खालचं छोटं स्विच सुटतं. वाळल्या की आकसतात आणि स्विच परत लागतं. एवढंच आहे. त्यात कुठलं इलेक्ट्रॉनिक डोकं नाही म्हणूनच ते वर्षानुवर्षं टिकतं. दुसरा एक वाटीचा प्रकार येतो, वाटीत पाणी साठलं की बंद, पण त्यात पालापाचोळा पडतो, कावळा चोच घालतो, आपल्याकडं नकोच तो.

हे स्विच कंट्रोलरच्या २४ व्होल्टच्या बाजूला लावायचं असतं. कंट्रोलर उघडला की आत सेन्सरसाठी दोन टर्मिनल दिसतात का बघा, बहुतेक एसईएन लिहिलेलं असतं आणि त्यांच्यामधी एक छोटी पट्टी किंवा वायर असते. ती पट्टी काढायची आणि तिथं सेन्सरच्या दोन वायरी. ती टर्मिनल नसतील तर सी म्हणजे कॉमन टर्मिनलमधनं जी वायर निघते, सगळ्या व्हॉल्व्हची सामाईक वायर, ती तोडून मधे सेन्सर घालायचा. पाऊस पडला की कॉमनच तुटतो, कुठल्याच व्हॉल्व्हला करंट जात नाही, संपलं.

पण तुमच्याकडं पंप आहे आणि तो रिलेवर आहे, म्हणून इथं जरा थांबा, ह्या जागी मी एकदा पंप घालवलेला बघितलाय. एका कंपनीत आधीच्या माणसानं सेन्सर लावला होता पण कॉमन तोडला तो रिलेची वायर फुटल्याच्या पुढं. म्हणजे पाऊस आला की व्हॉल्व्ह बंद पण पंप रिलेला कॉमन मिळतोच, पंप आपला चालू. पाणी जायला वाट नाही, तेच पाणी केसिंगमधी, म्हणजे पंपाच्या डब्यात, घुसळत राहिलं दीड तास. सकाळी आम्ही गेलो तर केसिंगला हात लावता येत नव्हता, डिलिव्हरीचा पीव्हीसीचा तुकडा मऊ होऊन वाकला होता आणि सीलमधनं वाफेसारखं पाणी निघत होतं. नवीन सील, नवीन पाइप, दोन दिवस लॉन कोरडं. तेव्हापासनं मी पंपाची लाइन स्वतः तपासल्याशिवाय सेन्सर लावतच नाही.

म्हणून सी टर्मिनलमधनं निघाल्या निघाल्या, वायर दुसरीकडं कुठं फुटायच्या आधी सेन्सर घ्या. आणि लावल्यावर एक झोन मॅन्युअल चालू करून वर गच्चीवर माणूस चढवून सेन्सरची दांडी बोटानं दाबायला सांगा, टक् असा आवाज येतो. त्या आवाजाबरोबर स्प्रिंकलर पण बसले पाहिजेत आणि पंप पण गप्प झाला पाहिजे. दोन्ही. एक जरी चालू राहिलं तरी वायरिंग चुकलंय.

वायरमन_मिरज

माळी भाऊंनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त स्टार्टरबद्दल बोलतो. स्टार्टरच्या कॉइलला २३० किंवा थ्री फेज असेल तर ४१५ व्होल्ट असतात. ती लाइन तुम्ही गच्चीवर, उघड्या पावसात, बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या सेन्सरपर्यंत नेणार. तिथं जॉइंटला पाणी गेलं, खाली लोखंडी पत्रा असला, वर कोण तरी टाकी साफ करायला चढला, तर काय होईल विचार करा. २४ व्होल्टला हात लागला तरी माणूस वाचतो. लग्नाच्या घरात लहान पोरं सगळीकडं पळत असतात. प्लंबरला नळाचं काम द्या, हे काम वायरमनकडनंच करून घ्या. दोन कोरची बाहेरची केबल, पाइपातनं. जॉइंटला नुसती टेप गुंडाळू नका, दोन पावसाळ्यात हिरवी पडते आत.

जत_दुष्काळी

एवढं सगळं कशाला, मोबाइलवर हवामानाचं ॲप बघायचं आणि पाऊस सांगितला असेल त्या दिवशी कंट्रोलर बंद ठेवायचा. आता वायफायवाले कंट्रोलर पण आलेत, ते स्वतःच अंदाज बघून पाणी सोडत नाहीत. मी तर असंच करतो.

सातारी_माळी

भावा, जून-जुलैचा पाऊस असेल तर तुझं म्हणणं पटतंय, तेव्हा तर मी कंट्रोलर सरळ ऑफच करून ठेवतो, सेन्सरचं कामच नसतं. पण वळवाचं तसं नाही ना. वळीव गावाच्या एका बाजूला बदाबदा पडतो आणि ओढ्याच्या पलीकडं थेंब नाही, हे तुला जतमधी राहून मी काय सांगायचं. महसूल मंडळाच्या आकड्यात पाऊस दिसतो आणि आपलं रान कोरडं, हे किती वेळा होतं. ॲप सांगतं तालुक्याचं, सेन्सर सांगतो ह्या गच्चीचं. आणि उलटं पण होतं, ॲपनं पाऊस सांगितला म्हणून पाणी दिलं नाही, पाऊस आलाच नाही, आणि एप्रिलच्या ४० डिग्रीत लॉन दोन दिवसात पिवळं.

अमेरिकेत फ्लोरिडामधी तर १९९१ पासून कायदाच आहे, ऑटोमॅटिक स्प्रिंकलर बसवायचा तर पावसात बंद पडणारं उपकरण लावायलाच लागतं. तिकडं पण दुपारचा गडगडाटी पाऊस असाच कुठं पडेल कुठं नाही असा असतो.

आणि पाण्याचा हिशोब कर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, १०१ चौरस मीटर धर. दादांच्या १५ गुंठ्यावर नुसता ६ मिलिमीटर पडला तरी ९ हजार लिटर पाणी आभाळातनं फुकट आलं, जवळजवळ एक टँकर. तेवढंच पाणी त्या पहाटे बोअरमधनं उपसून वर ओतलं असेल. उन्हाळ्यात बोअर उचक्या मारायला लागतात तेव्हा ह्याची किंमत कळते.

काळी_माती

मी सांगलीवाडीचा, नदीकाठ. माळी दादांचं वायरिंगचं सगळं मान्य, पण मातीचा मुद्दा कुणीच नीट घेतला नाही आणि लॉनवाल्या भाऊंचं खरं दुखणं तिथंच आहे असं मला वाटतंय.

सेन्सरला कळतं की पाऊस पडला. जमिनीत ओल किती आहे हे त्याला कळत नाही. त्याच्या चकत्या गच्चीवर उन्हात असतात, मे महिन्याच्या उन्हात एका दिवसात वाळून कडक. खाली काळी माती मात्र तीन तीन, चार चार दिवस चिकट राहते, वरनं पांढरी दिसली तरी बोटभर खाली लोण्यासारखी. म्हणजे सेन्सर म्हणणार वाळलं, कंट्रोलर पाणी सोडणार, आणि खुर्च्या परत रुतणार. साताऱ्यात मुरमाड जमीन आहे, तिथं पाणी लगेच खाली जातं, तिथं सेन्सर आणि जमीन जवळजवळ बरोबर वाळतात. आपल्याकडं नाही.

माझ्याच घराच्या लॉनचं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी अंगणात आलं, मग २०२१ च्या जुलैला परत. दोन्ही वेळेला गाळ बसला, आम्ही खोऱ्यानं ओढून काढला पण बारीक थर राहिलाच. वाळल्यावर त्याची पापडी होते, पाणी खाली मुरतच नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात हस्ताचा पाऊस चालू होता, सेन्सर होता तरी मधल्या उघडिपीत तो वाळायचा आणि स्प्रिंकलर सुरू व्हायचे. पंधरा दिवसात ताटाएवढे तपकिरी गोल डाग पडले, सकाळी गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसायचं. बुरशी. वर लव्हाळा माजला तो वेगळा. अर्धं लॉन खणून नवीन लावायला लागलं. आईनं स्वतःच्या हातानं लावलेलं होतं ते, म्हणून जास्त लागलं.

आता उपाय. सेन्सरच्या बाजूला हवा जायला फटी असतात आणि त्यावर फिरणारी कडी असते. कडी उघडी ठेवली तर चकत्या लवकर वाळतात, बंद करत आणली तर सावकाश. काळ्या मातीला कडी जवळजवळ बंद ठेवा. शक्य असेल तर सेन्सर अशा जागी लावा की पाऊस सगळा पडेल पण दुपारचं ऊन थेट मिळणार नाही, उत्तरेच्या बाजूला वगैरे. आणि पावसाचं सेटिंग बहुतेक सेन्सरला ३, ६, १२, २० मिलिमीटर असं असतं, टोपी फिरवून दांडी त्या खाचेत बसवायची. तुम्ही ६ वर ठेवा. ३ वर ठेवला तर चार थेंब पडले तरी बंद होईल आणि गवताच्या मुळाला तर काहीच मिळालेलं नसेल.

आणि एक जुनी सवय सोडू नका, लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन जमिनीत खुपसायचा. सहज मुठीपर्यंत गेला आणि ओढल्यावर दांडीला माती चिकटून आली तर पाणी नको. मी आजही आठवड्यातनं दोनदा बघतो. जमिनीत गाडायचे ओलाव्याचे सेन्सर पण मिळतात, ते खरं मातीचं सांगतात, पण काळी माती भेगाळली की त्याच्या भोवती पोकळी होते आणि तो चुकीचं दाखवतो, म्हणून बसवला तर भोवतीची माती घट्ट दाबून घ्या.

लॉनवाला_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही हो. वायरमन बोलावून काम केलं. आमच्या कंट्रोलरला सेन्सरचं टर्मिनल नव्हतं म्हणून सी मधनं निघाल्या जागीच कॉमन तोडला. दांडी दाबून बघितली, व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही एका दमात बंद, तिथं उभा असलेला प्लंबर पण म्हणाला हे बरं झालं.

पण आता दोन गोष्टी कळेनात. एक, परवा संध्याकाळी थोडा शिडकावा झाला, पहाटे बघायला आलो तर कंट्रोलरच्या स्क्रीनवर झोन २ चालू, मिनिटं कमी कमी होतायत, आणि बाहेर मात्र एक पण स्प्रिंकलर वर आलेला नाही. कंट्रोलर बिघडला की काय? दुसरं, पाऊस अजिबात नसताना पण रोज झोन १ ते ३ नीट चालतात, झोन ४ सुरू झाला की दहाएक मिनिटात सगळंच बंद. झोन ५, ६ ला चार दिवस पाणी नाही, स्टेजच्या बाजूचं गवत सुकायला लागलंय. सेन्सर ऑफिसच्या पत्र्याच्या कडेला लावलाय. वायरमन म्हणतो वायरिंग ओके आहे.

सातारी_माळी

पहिलं काहीच बिघडलेलं नाही दादा. कॉमनमधी सेन्सर घातला की कंट्रोलरला कळतच नाही की पुढं वायर तुटलीय, तो आपला घड्याळाप्रमाणं झोन मोजत राहतो. स्क्रीन बघू नका, जमीन बघा. वॉचमन काकांना पण हे सांगून ठेवा, नाहीतर ते बिघडलंय समजून कुठलं तरी बटण दाबत बसतील.

दुसरं मला वाटतंय झोन ४ चा रोटर पत्र्याच्या बाजूचा आहे आणि वाऱ्यानं त्याचाच फवारा सेन्सरवर जातोय. सेन्सर तुम्ही ३ वर ठेवलाय का बघा. पहाटे झोन ४ चालू असताना पत्र्याखाली उभं राहा, वर थेंबांचा आवाज आला की समजा. आमच्याकडं यवतेश्वरच्या खालच्या बाजूला एका बंगल्यात हेच झालं होतं, वारं इतकं की रोटरचं पाणी शेजारच्या गच्चीपर्यंत जायचं. सेन्सर फवाऱ्याच्या बाहेर, आभाळाखाली मोकळा पाहिजे, झाडाखाली नको, टाकीच्या आडोशाला नको. पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो, टाकीमागं सेन्सर असला तर सगळीकडं चिखल आणि तो बिचारा कोरडाच.

अजून एक, तुमच्या भागात साखर कारखान्याची आणि पाचट पेटवल्याची काजळी गच्चीवर पडते ना? ती चकत्यांवर बसली की पाणी आत शिरायला वेळ लागतो. दर दोन महिन्याला टोपी काढून साध्या पाण्यानं हलकं धुवायचं, घासायचं नाही, साबण नाही. धुतल्यावर तो ओला असणार म्हणून त्या दिवशी पाणी सुटणार नाही, घाबरू नका.

आणि लग्नाच्या आदल्या रात्रीसाठी सेन्सरच्या भरवशावर राहू नका हं. कंट्रोलरला ठराविक तारखेला बंद ठेवायची सोय असते किंवा दोनतीन दिवस पाणी पुढं ढकलायचं बटण असतं. कार्यक्रमाच्या आधीच्या दोन रात्री तसंही पाणी नको, जमीन घट्ट राहू दे.

लॉनवाला_सांगली

दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पहाटे सव्वापाचला पत्र्याखाली उभा राहिलो, वारं पश्चिमेचं होतं, झोन ४ फिरून आला की पत्र्यावर टपटप टपटप. आणि सेन्सर ३ वरच होता, दुकानातनं आला तसाच लावलेला. ६ वर केला, काळी माती भाऊ म्हणाले तशी कडी बंद करत आणली, आणि आत्तापुरतं झोन ४ चा कोपरा थोडा फिरवून घेतला.

शनिवारी रात्री परत वळीव आला, पाऊण तास पडला. मला झोप लागेना म्हणून पावणेचारला कार्यालयावर जाऊन बसलो. ४ वाजले, स्क्रीनवर झोन १ लागला, रिलेचा आवाज नाही, पंपाचा आवाज नाही. नुसतं पत्र्यावरनं पाणी गळत होतं. बारा-पंधरा मिनिटं तसाच उभा होतो अंधारात. रविवार, सोमवार दोन्ही दिवस बंद राहिलं. सोमवारी संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर अजून चार बोटं सहज आत जात होता आणि माती चिकटून येत होती. मंगळवारी दुपारी वर चढून बघितलं तर सेन्सर वाळून स्विच परत लागलेलं. बुधवारी पहाटे पाणी चालू झालं आणि तेव्हा स्क्रू ड्रायव्हर जोर लावल्याशिवाय जात नव्हता, म्हणजे कडीचं सेटिंग जवळजवळ बरोबर बसलंय.

उद्या सेन्सर पत्र्यावरनं काढून मागच्या खांबावर नेतोय, उत्तरेची बाजू आहे आणि कुठलाच फवारा तिथं पोचत नाही. वायर अजून २० फूट लागेल. जॉइंट जमिनीपासनं वर ठेवला तरी ग्रीस भरलेलेच कनेक्टर वापरायचे ना?

वायरमन_मिरज

हो, तेच वापरा, वर असला तरी. जॉइंटच्या खाली वायरीला एक वाक देऊन ठेवा म्हणजे पाणी वायरीवरनं ओघळत कनेक्टरमधी न जाता खाली टपकेल. आणि हलवल्यावर दांडी दाबून पंप बंद होतोय का ते परत एकदा बघा.